पोराच्या मनाचा दवाखाना

बैलाने दोन दिवस वैरण नीट खाल्ली नाही, तर आपण काय करतो? त्याच्या अंगावरून हात फिरवतो. कान गार आहेत की गरम, ते पाहतो. तिसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरला बोलावणे धाडतो. बैल नखरे करतो, असे कोणी म्हणत नाही. दोन चाबूक ओढा म्हणजे खाईल, असेही कोणी म्हणत नाही.

आता घरातल्या पोराकडे पाहा. पोर महिनाभर नीट जेवत नाही. रात्र रात्र जागते. कोणाशी बोलत नाही. आपण म्हणतो, "सोंग करतंय. दोन ठेवून दिल्या की सरळ होईल."

बैलाला जो न्याय, तो पोराला का नाही? याला कारण आहे. ताप हाताला लागतो. जखम डोळ्याला दिसते. मनाचे दुखणे असे हाताला लागत नाही. ते वागण्यातून बाहेर येते. आणि वाईट वागणाऱ्याला आपण औषध देत नाही, शिव्या देतो.

एक घर डोळ्यांपुढे आणा. तुमच्या-आमच्या गावातलेच समजा. घरात आई, बाप, आजी आणि दोन मुले. थोरली मुलगी पंधरा वर्षांची, दहावीला. पोर गुणाची. पाणी भरून, भाकरी थापून शाळेला पळणारी. दिवाळी झाली आणि तिचे काहीतरी बिनसले. ती गप्प राहू लागली. आज डोके दुखते, उद्या पोट दुखते म्हणून शाळा बुडवू लागली. पहाटे तीनलाच तिला जाग येई. मग आढ्याकडे बघत पडून राही. मैत्रिणी हाक मारायला आल्या, तर आईला सांगे, "मी घरात नाही म्हण." पुस्तक उघडून तासभर बसे, पण पान काही उलटत नसे.

आजी म्हणाली, "दृष्ट लागली." तिने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. शेजारीण म्हणाली, "कुणीतरी करणी केलीय." बाप म्हणाला, "परीक्षा आली ना जवळ! अभ्यास नको म्हणून ढोंग." मामाने तर स्थळच आणले. "लगीन करून टाका. संसाराला लागली की येईल ताळ्यावर."

एकट्या आईला यातले काहीच पटेना. पण विचारायचे कोणाला?

शेजारच्या बाळंतिणीकडे आशाताई आल्या होत्या. त्यांनी दारातूनच पाहिले.

"वहिनी, पोर किती वाळली हो!"

"काय सांगू ताई. खात नाही, बोलत नाही. परवा म्हणाली, मी नसते तर बरं झालं असतं."

आशाताई पिशवी खाली ठेवून बसल्याच. म्हणाल्या, "वहिनी, हे साधं बोलणं नाही. उद्या आपण आरोग्य केंद्रात जाऊ. मी येते बरोबर. तोवर तिला एकटी ठेवू नका. आणि फवारणीचं औषध घरात असेल, तर आजच कुलपात टाका."

आशाताईंनी हे का सांगितले, ते पुढे येईलच. आधी दुखण्याचे बघू.

दुःख सगळ्यांनाच होते. आजा वारला, परीक्षेत मार्क कमी पडले, मैत्रीण रुसली, तर पोर चार दिवस उदास राहते. मग हसू-खेळू लागते. हा काही आजार नव्हे. पण उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, दिवसाचा बराच वेळ टिकली, आणि तिच्यापायी जेवण, झोप, शाळा, खेळ सगळेच बिघडले, तर ते दुखणे समजावे. त्याला डॉक्टर उदासीनतेचा आजार म्हणतात. मुलांमध्ये हा आजार नेहमी रडण्यातूनच दिसतो असे नाही. पुष्कळदा तो चिडचिडीतून दिसतो. पुष्कळदा पोटदुखी आणि डोकेदुखी होऊन येतो. तपासले तर पोटात काही सापडत नाही. म्हणून पोर खोटे बोलते असे समजू नका. त्याला दुखते ते खरेच दुखते.

असा आजार हजारांत एखाद्याला होत असेल, असे वाटते ना? २०१५-१६ साली सरकारने देशातल्या १२ राज्यांत घरोघर पाहणी केली. १३ ते १७ वर्षांच्या शंभर मुलांमागे सुमारे सात मुलांना मनाचा काही ना काही आजार निघाला. मुलांना आणि मुलींना जवळपास सारखाच. म्हणजे चाळीस पोरांचा वर्ग धरला, तर त्यात तीन पोरे. मास्तरांनी वर्गावर नुसती नजर फिरवली, तरी त्यांना दोन-तीन चेहरे आठवतील.

सगळ्यांचे दुखणे सारखे नसते. एखाद्या पोराला भीतीच फार. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, शाळेचे फाटक दिसले की उलटी येते. एखादा जवान पोरगा एकाएकी बदलतो. कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात. सगळा गाव माझ्या वाईटावर आहे असे त्याला वाटते. अंघोळ सोडतो, एकटाच पुटपुटतो. हे मोठे दुखणे बहुधा सोळा-सतरा वर्षांनंतर, भर तारुण्यात सुरू होते. नेमका याच वयातल्या पोराला आपण देवऋषाकडे नेतो आणि वर्ष-दोन वर्षे घालवतो. उपचार जितका लवकर, तितका गुण चांगला. ती गेलेली दोन वर्षे पुढे फार महाग पडतात. काही पोरे दारूला किंवा गांजाला लागतात. घरचे म्हणतात, संगत वाईट. संगत असेलही. पण आतले दुखणे दाबायला पोर नशा करत नाही ना, हेही कोणी तरी पाहिले पाहिजे.

अगदी लहान मुलांचे वेगळे. पोर दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, तर "याचा बापही उशिरानेच बोलला" म्हणून थांबू नका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा आरोग्य पथकाची गाडी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणतात त्याला. तो २०१३ साली सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ते तपासणी करतात. त्या डॉक्टरांना हे आपणहून सांगा. पथकापुढे शेकडो पोरे असतात. आईने सांगितले नाही, तर एका नजरेत त्यांना सगळे कसे कळणार?

आता आपल्या मुलीकडे वळू.

दुसऱ्या दिवशी आई, मुलगी आणि आशाताई प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी आधी अंगाची तपासणी केली. रक्त तपासले. रक्त कमी असले किंवा गळ्यातली थायरॉइड नावाची गाठ नीट काम करत नसली, तरी पोर अशीच मलूल होते. म्हणून हे आधी बघावे लागते. मग त्यांनी आईला बाहेर बसवले. परिचारिकेला जवळ ठेवून ते मुलीशी बोलले. मुली आईसमोर सगळे सांगत नाहीत. आईला कळले तर तिला त्रास होईल, ही काळजी पोरींना फार असते.

डॉक्टरांनी तिला सरळच विचारले, "जीव द्यावा असं मनात येतं का, बाळ?"

हे ऐकून कोणी दचकेल. असे विचारल्याने नसती कल्पना पोरीच्या डोक्यात शिरेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. कल्पना असलीच तर ती आधीच आत असते. कोणीतरी न ओरडता विचारले, की पोराला ती बाहेर काढता येते. घरच्यांनीही विचारायला हरकत नाही. फक्त विचारल्यावर उपदेश सुरू करू नये. ऐकून घ्यावे.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवले. तिथे ठरलेल्या दिवशी जिल्ह्याहून मनोविकाराचे पथक येते. त्यात मनोविकाराचे डॉक्टर, मानसशास्त्र शिकलेले सल्लागार, परिचारिका, समाजसेवक अशी माणसे असतात. याला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणतात. एरवी हे पथक जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो तिथे, बसते.

मुलांच्या मनाचा दवाखाना ही गोष्ट आपल्याकडे अगदी नवी नाही. मुंबईला सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजसेवेचे शिक्षण देणारी संस्था निघाली होती. तिने १९३७ सालीच मुलांसाठी असे केंद्र उघडले. पण ते मुंबईला! खेड्यातल्या पोराला त्याचा काय उपयोग? पुढे कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग झाला. गावाकडच्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्य सेवकांना या आजारांचे शिक्षण दिले. मनाचे पुष्कळ आजार त्यांनाही ओळखता येतात आणि बरे करता येतात, असे दिसून आले. त्यावरून १९९६ साली सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात हा कार्यक्रम सुरू करायला घेतला. मुंबईपासून तालुक्यापर्यंत यायला साठ वर्षे लागली म्हणा ना.

खरे ते सांगितले पाहिजे. या डॉक्टरांची संख्या फार थोडी आहे. आपल्या देशात लाख माणसांमागे एक मनोविकाराचा डॉक्टरही पुरता येत नाही. म्हणून रांग असते. कधी ठरल्या दिवशी पथक येत नाही. एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी घालवून माणूस जातो आणि हात हलवत परत येतो. याचा राग येणे साहजिक आहे. म्हणून निघण्याआधी आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून वार पक्का करून घ्यावा. पथक सारखेच येत नसेल, तर ग्रामसभेत उठून तसे विचारावे. रस्त्याचे आणि पाण्याचे विचारतो, तसेच हेही.

पैशाचे म्हणाल, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट आहेत. केसपेपरलाही पैसे पडत नाहीत.

तालुक्याला डॉक्टरीण बाई मुलीशी बराच वेळ बोलल्या. मग आई-बापाला आत बोलावले. बाप आला होता, पण तोंड फिरवून बसला होता.

"ताई, ही वेडी झाली का?" त्याने एकदाचे विचारले.

"नाही हो दादा. तुमची मुलगी आजारी आहे. टायफॉइड झाला असता तर तुम्ही असं विचारलं असतं का?"

"गोळ्या झोपेच्या का? सवय लागते म्हणतात."

"या झोपेच्या नाहीत. यांची नशेसारखी चटक लागत नाही. पण मनाने सुरू करायच्या नाहीत आणि मनाने बंदही करायच्या नाहीत."

सगळ्याच मुलांना गोळ्या लागत नाहीत. दुखणे हलके असेल, तर सल्लागाराशी दर आठवड्याला बोलणे, झोपेची वेळ पाळणे, हळूहळू पुन्हा शाळेत जाऊ लागणे, एवढ्यावरही गुण येतो. दुखणे जड असेल, तर गोळी देतात. उदासीनतेच्या गोळीचा गुण चार दिवसांत दिसत नाही. दोन ते चार आठवडे लागतात. पुष्कळ लोक आठ दिवस गोळी देतात आणि म्हणतात, "काही फरक नाही." आणि सोडतात. बी पेरून आठव्या दिवशी कणीस मागण्यासारखेच हे. पहिल्या काही आठवड्यांत पोर जास्तच बेचैन वाटले, तर मात्र लगेच डॉक्टरला सांगावे. आणि बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने गोळी चालू ठेवावी.

बाहेर आल्यावर आजीने हळूच विचारले, "येरवड्याला तर नाही ना धाडायचे?"

आजीची भीती खोटी म्हणता येणार नाही. आपल्याकडे कोणी जरा वेडेवाकडे बोलले, की "याला येरवड्याला पाठवा" असे आपणच हसून म्हणतो. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथे सरकारची मोठी मनोरुग्णालये आहेत. पण मनाचा आजार झालेल्या बहुतेक मुलांना तिथे जावेच लागत नाही. घरी राहून, शाळेत जाऊन ती बरी होतात. फारच गरज पडली आणि १८ वर्षांखालच्या मुलाला दवाखान्यात ठेवावे लागले, तर त्याला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. दोन जाणकारांनी, त्यांत एक तरी मनोविकाराचा डॉक्टर, मुलाला वेगवेगळे तपासले पाहिजे. मुलाला मोठ्या रुग्णांत ठेवता येत नाही. घरचे माणूस किंवा सांभाळणारे कोणी सगळा वेळ त्याच्याजवळ राहते. रुग्णाला साखळीने बांधणे तर कायद्याने बंदच आहे.

करणीबद्दलही बोलू. देवाला नवस बोलायला कोणाची ना नाही. आईच्या जिवाला तेवढाच आधार. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातारचा दर्गा आहे. तिथले मुजावर आलेल्या माणसाला दुआ देतात आणि डॉक्टरकडेही पाठवतात. दवा आणि दुआ दोन्ही. असे करणाऱ्याला कोण नावे ठेवील? पण भूत उतरवतो म्हणून पोराला दोरीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मग ते कोणीही करो.

आणि लग्नाचे काय? लग्न हे काही औषध नाही. आजारी पोरीला परक्या घरी पाठवले, की तिचे दुखणे वाढते. तिथे तिची बाजू घेणारे कोणी नसते. तीन महिन्यांत पोर माहेरी परत येते, आणि वर बोल लागतो. मुलाचे लग्न केले, तर दुसऱ्याच्या लेकीचे हाल. शिवाय मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा होण्याआधी लग्न लावणे हा गुन्हाच आहे. मामाला हे आईने नाही, डॉक्टरीण बाईंनी सांगितले. ते बरे झाले. भावाला हे सांगणे आईला अवघड गेले असते.

आता फवारणीच्या औषधाचे. पोराच्या मनात मरणाचा विचार येतो, तो चोवीस तास सारखा जोरात नसतो. लाट येते तसा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला विष हाताशी नसले, तर पुष्कळ पोरे वाचतात. श्रीलंकेत शेतीची अतिविषारी औषधे एकामागून एक बंद केली. १९९५ नंतर तिथल्या आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या. लोकांची दुःखे काही निम्मी झाली नव्हती. विष हाताशी नव्हते, एवढेच. म्हणून औषधाचे डबे पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावा. किल्ली एकाच जाणत्या माणसाजवळ ठेवा. उरलेले औषध पुढच्या हंगामासाठी माळ्यावर टाकू नका. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत तर डोळ्यात तेल घालून राहा. नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा लगेच पुढे असते, हे पोराला निकालाच्या आधीच सांगून ठेवा.

आणि चुकून अघटित घडलेच, तर लपवू नका. पोलीस केस होईल या भीतीने काही लोक पोराला घरातच ठेवतात आणि वेळ घालवतात. २०१७ च्या त्याच कायद्याने असे माणूस मोठ्या ताणाखाली होते असे धरून चालायचे असते. जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा देणारे जुने कलम १ जुलै २०२४ पासून कायद्यातून गेले. दवाखान्यात नोंद होईल, पोलीस विचारपूस करतील. पण पोरावर गुन्हा नाही. १०८ नंबरची गाडी फुकट येते, ती बोलवा. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. औषधाचा डबा बरोबर न्या.

दवाखाना लांब, रात्र झाली, आणि पोर किंवा तुम्ही स्वतः कासावीस आहात, तेव्हा काय करावे? फोन करावा. नंबर १४४१६. एक-चार-चार-एक-सहा. हा कागद फाटला तरी नंबर राहावा म्हणून भिंतीवर खडूने लिहून ठेवा. हे सरकारचे काम आहे, नाव टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. आपले नाव-गाव सांगितलेच पाहिजे असे नाही. पोराला कोणी मारहाण करत असेल किंवा त्याच्या अंगाशी वाईट वागत असेल, तर १०९८ हा मुलांचा नंबर आहे. कधी कधी मनाच्या दुखण्याचे मूळ तिथेच असते. पोर एखाद्या नातेवाईकाला पाहून अंग चोरत असेल, तर त्याचे म्हणणे ऐका, नाते नंतर पाहा.

गावातल्या १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आणखी एक दार उघडे आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यांत त्यांच्यासाठी मैत्री क्लिनिक असते. वयात येतानाच्या शंका, भीती, अभ्यासाचा ताण, यांवर तिथे मोकळेपणाने बोलता येते. "मला वेडाच्या डॉक्टरकडे नेतात" अशी लाज वाटणारे पोर इथे सहज जाते.

आपल्या मुलीला तिसऱ्या आठवड्यात झोप लागू लागली. एके दिवशी तिने मागून भाकरी घेतली. आजीने ती गोष्ट सगळ्या आळीत सांगितली. सगळेच एकदम बरे झाले नाही. सहामाहीला जे राहिले होते ते राहिलेच. मधे दोन दिवस ती पुन्हा अंथरुणातून उठली नाही. तेव्हा बाप ओरडणार होता, पण ओरडला नाही. बाहेर जाऊन गोठा झाडत बसला. शाळेत मास्तरांनी तिला मागच्या बाकावरून पुढे घेतले आणि सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचे काही दिवस बंद केले. हे त्यांना आशाताईंनी सांगितले होते.

डॉक्टरीण बाईंनी पुढची तारीख एका महिन्याने दिली. आईने घरी येऊन ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, आपल्या हाताने लिहिली.